लाल ठिपक्याचे दोन बोल्ट

प्रताप नगर, नागपूर
सोमवार, २९ डिसेंबर २०२५

देवरावकाका, नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आत्याच्या गाडीचे चारही स्पार्क प्लग काळे निघाले. ते मी खोटं लिहिलं. मी तीनच काढले होते. चौथा अडकला होता, पाना दोनदा घसरला, मनगट दुखायला लागलं आणि मी तो तसाच सोडला. 'तीन' लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, चौथ्याचं काय, म्हणून 'चारही' लिहून टाकलं. काल तो काढला. तोही काळाच आहे, बाकीच्या तिघांसारखाच, कोरडी काजळी, बोटाला लागणारी. म्हणजे लिहिलेलं खरं निघालं, पण लिहिताना मी ते पाहिलेलं नव्हतं. तुम्ही तिकडे भिवापुरात बसून माझ्या पत्रावरून निदान करणार. मी न पाहिलेलं लिहिलं तर तुम्ही तरी काय करणार? चार दिवस हे डोक्यातून जात नव्हतं.

आता पहिल्यापासून लिहिते, फक्त पाहिलेलं.

सायलेन्सरच्या तोंडाला आतून काळा थर आहे. गाडी उभी असताना मागे पेट्रोलचा वास येतो, डोळे चुरचुरतात. लिटरला सोळा जाणारी गाडी आता जेमतेम दहा-अकरा जाते. धूर मोजून घेतला तेव्हा कार्बन मोनॉक्साइड दोन टक्क्यांच्या वर गेला. अर्ध्या टक्क्याच्या आत पाहिजे. सर्टिफिकेट मिळालं नाही. बाबा दर वर्षी मे महिन्यात ते काढून आणायचे. यंदा मे महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ते राहून गेलं. मिक्स्चर रिच आहे, हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातंय, इतकं मला कळतं. का आहे, ते कळत नाही.

३१ जानेवारीला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. त्याच्या दोन दिवस आधी, २९ जानेवारीला, आरटीओत तपासणी आहे, तिथे धूर पुन्हा मोजतात. पास झाली नाही तर आत्या ती भंगारात देणार. तिनं मला शांतपणे सांगितलं, "एकोणसत्तराव्या वर्षी मी नवी गाडी शिकणार नाही. तुझ्या बापानं हात लावला की ही सहा महिने गप बसायची. तू हात लावलास की बोलायला लागते." खरंच आहे.

आत्याला गाडी कशासाठी लागते, ते तुम्हाला माहीत नसेल. रुखमाबाईंच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. त्यांनी तीस वर्षं आत्याकडे स्वयंपाक केला, आता आत्या त्यांना धरमपेठेहून दवाखान्यात नेते आणि चार तासांनी परत आणते. परवाच्या शुक्रवारी मी मागच्या सीटवर बसून गेले. रुखमाबाई सगळा वेळ नाकाला पदर लावून होत्या. परतताना त्यांना मळमळलं, आत्यानं गाडी दोनदा थांबवली. डॉक्टर म्हणतात, डायलिसिसनंतर असं होतं. होत असेल. पण डायलिसिस माझं झालं नव्हतं आणि डोकं माझंही दुखत होतं. मागच्या दाराचं रबर तडकलंय, ते मी बदललं. त्यानं धूर आत येणं कमी होईल, धूर कमी होणार नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि सत्यवतीकाकूंना सांगितलं तर इंजेक्टरचं इंजेक्शन होतं, म्हणून हे कागदावर. तुम्ही बावीस वर्षं बाबांबरोबर याच गॅरेजच्या शेडमध्ये होतात. मला जे येतं त्यातलं अर्धं तुमचं आहे. कुठून सुरुवात करू, सांगा.

बाबा बरे आहेत. उजवा हात अजून उचलत नाही. बोलणं एकेका शब्दाचं. सकाळी दहा ते एक मी त्यांना शेडमध्ये खुर्चीवर बसवते.

नूपुर


भिवापूर
२ जानेवारी २०२६

पोरी नूपुर,

तुयं पत्र भेटलं. मिरचीची तोडणी चालू हाय, हात झोंबून राहिले, म्हणून अक्षर वाकडं. मन वाकडं समजू नको.

चौथ्या प्लगाचं वाचून मी हासलो. सत्यवती म्हणे, काहून हासता? तिले सांगतलं. ती नाई हासली. मंग मीही नाई हासलो.

आता काम. प्लग काळे, धूर काळा, वास पेट्रोलचा, म्हणजे गाडी खाते जास्त अन् पचवते कमी. येवढं तं तुले फ्रॉक घालायच्या वयात येत व्हतं. चारही प्लग सारखेच काळे असन तं एका इंजेक्टरचा दोष नाई, सगळ्याइले लागू होणारं काही तरी हाय. हे तू पाहून लिवलं म्हणून मले सांगता आलं.

पयले एअर फिल्टर काढून उजेडात धर. मंग पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरची बारकी नळी काढ अन् तिचा वास घे. आत पेट्रोल असन तं आतला पडदा फाटला समज. ते कोरडं असन तं पेट्रोलची रेल उचलून इंजेक्टर पाय, बंद गाडीत टपकते का. मंग तुमचं ते मोबाइलवालं यंत्र लाव. माह्या काळात नाक अन् कान व्हते. कान गेले, नाक हाय.

एका दिवशी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या तं कोणती लागू पडली ते देवालेही समजत नाई.

तुह्या आत्याले, यमुताईले, माह्या नमस्कार सांग. नाई, राहू दे, नको सांगू.

तुह्या बाप, मधू, काय म्हणते? माह्यं नाव घेते का? खरं काय ते लिव.

देवराव


प्रताप नगर
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

देवरावकाका,

तुमचं पत्र खिशात ठेवून काम केलं. फिल्टर स्वच्छ आहे, उजेड पलीकडून दिसतो. रेग्युलेटरची नळी कोरडी, वास नाही. इंजेक्टर चारही पाहिले, अर्धा तास कापड खाली धरलं, एकही थेंब नाही. रोज एकच गोष्ट केली. तीन दिवस गेले.

मग यंत्र लावलं. त्यात इंजिनच्या पाण्याचं तापमान दिसतं. सकाळी अकरा अंशांच्या थंडीत गाडी सुरू केली, वर्धा रोडवर वीस मिनिटं चालवली, तरी आकडा चोपन्नच्या वर जाईना. चालत्या गाडीत ऐंशी-पंच्याऐंशी यायला हवं. इंजिन थंड आहे असं वाटलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडणारच, थंडीत चोक ओढल्यासारखं. मला वाटलं, सापडलं. तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय. आत्याला फोन करून तसं सांगितलंसुद्धा. नवा सेन्सर बसवला. नवाही चोपन्नच सांगतो.

आत्याला पुन्हा फोन करावा लागला. ती म्हणाली, "बरं." एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आणखी दोन गोष्टी आहेत. त्यांचा उपयोग आहे की नाही मला ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही लिहिते. पहिली, धूर मी दोनदा मोजला. सकाळी आठला दोन पूर्णांक एक. दुपारी, सिग्नलवर आणि गर्दीत तासभर फिरवून नेली तेव्हा शून्य पूर्णांक आठ. नापास दोन्ही वेळा, पण फरक बघा. दुसरी, आत्या म्हणते, उन्हाळ्यात गाडी चांगली चालते. दिवाळी झाली की वास सुरू होतो, होळीनंतर जातो. गेली काही वर्षं असंच. बाबा हिवाळाभर प्लग घासून द्यायचे.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेचं, झाकण मी उघडलं नाही. त्याच्या दोन्ही बोल्टवर तुमचा लाल ठिपका आहे. बाबांचा पांढरा, तुमचा काकूंच्या नेलपॉलिशचा लाल, आणि ज्यानं ठिपका लावला त्याचं काम दुसऱ्यानं पुन्हा उघडून पाहायचं नाही. हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. बाबांनीही इतक्या वर्षांत त्याला पाना लावलेला दिसत नाही, ठिपका अखंड आहे. तेव्हा ते बरोबर आहे असं धरून मी पुढे गेले. मग काय राहिलं, काका? मला काय दिसत नाहीये?

बाबा तुमचं नाव घेतात. खरं ते लिहा म्हणालात म्हणून लिहिते. रोज नाही. शेडच्या दारात कोणी उंच माणूस उभा राहिला की 'देव' म्हणतात. देवाला म्हणतात असं आत्याला वाटतं.

आज रुखमाबाईंना गाडीनंच नेलं. थंडी होती, तरी काचा खाली ठेवायला मी आत्याला सांगितलं. रुखमाबाई कुडकुडत गेल्या.

नूपुर


भिवापूर
९ जानेवारी

नूपुर,

सेन्सरची वायर पाय. कॉम्प्युटरपर्यंत पूर्ण पाय, कुठी सोललेली असन. अर्थिंग पाय.

सत्यवतीले दोन दिवस ताप हाय. मिरची वाळू घातली, वर आभाळ आलं. जास्त लिवत नाई.

आरटीओची तारीख पुढं ढकलता येते का, विचारून पाय.

देवराव


प्रताप नगर
बुधवार, १४ जानेवारी २०२६

काका,

वायर पूर्ण पाहिली. टेप सोडून, बोटभर बोटभर. कुठे सोललेली नाही. अर्थिंग चांगलं आहे. त्यात तीन दिवस गेले. तारीख पुढे ढकलत नाहीत. पत्र लिहायला बसले आणि खूप थकवा आला, म्हणून सरळच लिहिते.

काल मी यंत्र बाजूला ठेवलं. मी दहा वर्षांची असताना तुम्ही माझा हात धरून रेडिएटरच्या वरच्या होजवर ठेवला होता. म्हणाला होतात, आत एक झडप हाय, इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. म्हणून हा पाइप आधी गार राहतो, गारच राहतो, आणि झडप उघडली की एकदम चटका देतो. मी चटक्याची वाट पाहत उभी होते आणि तुम्ही हसत होतात.

काल तसाच हात ठेवला. चटका बसला नाही. पहिल्या मिनिटापासून पाइप कोमट. मग थोडा जास्त कोमट. पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमध्ये फिरतंय, वरून थंड वारा, इंजिन तापणार कसं? सेन्सर खोटं बोलत नव्हता. दोन्ही सेन्सर खरं सांगत होते आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

आज आत्या बाबांना रिक्षानं फिजिओथेरपीला घेऊन गेली, तेव्हा मी तुमच्या ठिपक्यांना पाना लावला. मला क्षमा करा. झडप अडकली असेल असं वाटलं होतं. ती अडकलेली नाही, तुटलेली नाही. नाहीच आहे. झाकण, त्याखालचं कागदी गॅस्केट आणि मध्ये रिकामं. गॅस्केट व्यवस्थित कापून बसवलंय, कडा सरळ, घाईचं काम नाही. वर दोन लाल ठिपके.

मी झाकण होतं तसं बंद केलं. ठिपक्यांचे तुकडे पडले, ते मला जोडता आले नाहीत. गाडी इथेच उभी ठेवली आहे, आत्याला सांगितलंय की मी सांगेपर्यंत ती चालवायची नाही. का, ते सांगितलं नाही, कारण मला माहीत नाही.

बाबा परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आपण थर्मोस्टॅट काढून ठेवायचो का कधी? ते म्हणाले, "दसरा." मी म्हटलं, बाबा, दसरा गेला, आज संक्रांत. त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी तो घेतला नाही, पुन्हा म्हणाले, दसरा. त्यांचं असं होतं हल्ली, एक शब्द सापडला की तोच धरून ठेवतात. मी पाणी दिलं आणि विषय सोडला.

काका, हे तुम्ही विसरला असाल. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट राहून जाते. तसं असेल तर तसं लिहा, मी नवा आणून बसवीन. पण विसरलेल्या कामावर कोणी ठिपका लावत नाही, हे डोक्यातून जात नाही. आधीच्या पत्रात मी ठिपक्याचं लिहिलं होतं. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही.

नूपुर


भिवापूर
रविवार, १८ जानेवारी

पोरी,

तीन कागद फाडले. हा चौथा.

मधूचं डोकं ठिकाणावर हाय. त्याचं दसरा म्हणणं बरोबर हाय. तू लहान व्हती, तुले ध्यानात नसन. नागपूरच्या उन्हात पंचेचाळीस-शेहेचाळीस झालं की गाड्या रस्त्यात उकळत. म्हणून आपण गुढीपाडव्याच्या नंतर गिऱ्हाइकाइच्या गाड्याइतले थर्मोस्टॅटचे वॉल काढून ठेवत व्हतो, पाणी सारखं फिरत राहावं म्हणून. डब्ब्यात ठेवत, एकेकाले चिठ्ठी बांधून. मधूले हे कधीच पटलं नाई. तो म्हणे, काढलं तं काढलं, पण दसऱ्याच्या आत सगळे परत बसले पाहिजेत, नाई तं हिवाळ्यात गाडी काळा धूर ओकते. दसऱ्याले शस्त्रं पुजाच्या आधी तो एकेका गाडीचं नाव घे अन् मी 'हो' म्हणत जाओ. तो उघडून पाहत नसे. माह्या 'हो'वर भरोसा ठेवे.

२०१९ चा भादवा. शेडवर नवा बोर्ड लागला, 'मधुसूदन ऑटो'. बावीस वर्षं मी त्या शेडमध्ये अर्धा व्हतो. मी म्हटलं, माह्यं नाव? तो म्हणे, पुढच्या बोर्डावर घेऊ. त्याच्या मनात काही नसन, पेंटरनं जे जुनं व्हतं ते रंगवलं. पण माह्या डोक्यात गेलं. आठ दिवस बोललो नाई, अन् मंग सामान भरलं.

निघाच्या दिवशी त्यानं अडवलं नाई. येवढंच इचारलं, "ताईच्या गाडीचं झालं ना?" बाकी कोणाचं नाई इचारलं. यमुताईची गाडी माह्या पुढंच उभी व्हती. मी झाकण उघडलं व्हतं, नवं गॅस्केट कापून ठेवलं व्हतं, वॉल हातात व्हता. मी म्हटलं, हो. अन् वॉल खिशात टाकला, झाकण लावलं अन् ठिपके देल्ले. ठिपके तेवढे त्याच्या डोळ्यासमोर. काहून केलं, ते मले तवाही समजलं नाई. वाटलं व्हतं, महिन्याभरात गाडी धूर टाकन, मधूले समजन, तो रागानं का होईना भिवापूरले येईन. भांडाले तरी येईन.

तो नाई आला. काहून नाई आला, ते तुह्या पत्रातून समजलं. त्यानं ते उघडूनच पाह्यलं नाई. प्लग घासत राह्यला सहा हिवाळे, पण माह्या ठिपक्याले पाना नाई लावला.

तुह्या दुसऱ्या पत्रातच मले समजलं व्हतं. उन्हाळ्यात बरी, दिवाळीनंतर खराब, हे वाचलं अन् पत्र खाली ठेवलं. तरी तुले वायर पाहाले लावलं. तीन दिवस तुह्ये मी खाल्ले. तू चौथ्या प्लगाचं चार दिवसात कबूल केलं. मले सहा वर्षं लागले, अन् तेही तू झाकण उघडल्यावर.

वॉल सोबत पाठवून राहिलो. 'ताई' लिवलेली चिठ्ठी तशीच हाय. सत्यवतीच्या सैपाकाच्या गंजात पाणी उकळून पाह्यला, बरोबर उघडते अन् मिटते. तिनं इचारलं, हे काय हाय? सांगतलं. ती म्हणे, अन् ती बाई दवाखान्यात त्याच गाडीनं जाते? मंग माह्याशी नाई बोलली.

एक मागतो. वॉल बसव अन् वरून लाल ठिपके परत दे. बाटली सोबत हाय. मधूले नको सांगू. त्याच्याजवळ आता काही राह्यलं नाई, माह्या एका 'हो'वरचा भरोसा राह्यला हाय. तो त्याच्यापाशी राहू दे. माह्यासाठी नाई म्हणत.

पण खरं लिवतो, माह्यासाठीच म्हणून राहिलो.

देवराव


प्रताप नगर
मंगळवार, २० जानेवारी २०२६

देवरावकाका,

पार्सल आज अकराला मिळालं. मी शेडमध्ये होते आणि बाबाही. पाकिटावरचं अक्षर त्यांनी लांबून ओळखलं आणि डावा हात पुढे केला. मी पत्र दिलं नाही. म्हटलं, काही विशेष नाही, मिरचीचं लिहिलंय. त्यांनी हात खाली घेतला. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी खोटं बोलणं फार सोपं असतं.

झडप मी आत्याच्या स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात दोऱ्यानं सोडून पाहिली. तुम्ही पाहिली होती म्हणालात, तरी पाहिली. वाईट वाटून घेऊ नका, यापुढे मी सगळंच पाहणार आहे. उघडते, मिटते. पण तिचं रबर कडक झालंय, म्हणून बर्डीच्या बाजारातून नवी आणली. तुमची डब्यात ठेवली आहे, चिठ्ठीसकट.

तुमच्यावर रागवावं असं तीन तास वाटत होतं. मग दुपारी रुखमाबाईंना आणायला आत्याबरोबर रिक्षानं गेले. गाडी बंद आहे तेव्हापासून त्या रिक्षानंच जातात. रिक्षात बसायला त्यांना त्रास होतो, चढताना आत्याला आणि मला दोघींना धरावं लागतं, खड्ड्यात त्या ओठ दाबून धरतात. पण आज रस्त्यात त्या मला म्हणाल्या, "पोरी, दोन-तीन खेपा झाल्या, मले मळमळून नाई राहिलं. डोकं बी हलकं हाय. दवाखान्यात नवी मशीन आणली का वं?" आत्या म्हणाली, असेल. त्यांची मळमळ गाडीमुळेच होती हे मला सिद्ध करता येणार नाही. नव्हती असंही मला म्हणता येणार नाही. राग तिथेच संपला, उरला नुसता शीण. तुमचा एक 'हो', त्यावर बाबांचे सहा हिवाळे, त्यावर माझे तीन आठवडे, आणि या सगळ्याचा धूर घेणारी बाई दवाखान्याच्या मशीनचे आभार मानतेय.

तुम्ही मागितलंत ते मी करू शकत नाही. लाल ठिपका मी लावणार नाही. तो तुमचा आहे, माझ्या हातानं लावला तर तुमचं खोटं माझं होईल, आणि माझं स्वतःचं पुरेसं आहे.

बाबांचा भरोसा तेवढाच उरलाय, असं तुम्ही लिहिलंत. मी त्यावर खूप विचार केला. मला वाटतं तुम्ही त्यांना नीट ओळखत नाही, किंवा सहा वर्षांपूर्वीचेच ओळखता. मी झाकण उघडलं त्या दिवसापासून बाबांची खुर्ची मी बोनेटकडे पाठ करून ठेवते. तुटलेले ठिपके त्यांना दिसू नयेत म्हणून. इतके दिवस ते भिंतीकडे पाहत बसलेत. एकदाही तक्रार केली नाही, एकदाही मान वळवली नाही. आज माझ्या लक्षात आलं की उत्सुकता असलेला माणूस मान वळवतो. 'दसरा' त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. आणखी किती स्पष्ट सांगणार? कदाचित त्यांना सगळं कळलंय आणि आता ते माझ्यासाठी गप्प आहेत, किंवा तुमच्यासाठी. हे माझं निदान आहे, पाहिलेलं नाही.

आत्याला मी आज संध्याकाळी सांगितलं. तिला सांगू नको असं तुम्ही लिहिलं नव्हतं. शिवाय गाडी तिची आहे आणि श्वास रुखमाबाईंचा. ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, "दोघंही गाढव. बोर्डासाठी." पुढे म्हणाली, "रुखमाला मी सांगीन. ते तुझं काम नाही." तपासणीचं विचारलं. मी म्हटलं, झडप बसली की मिक्स्चर सुधारेल, पण सहा वर्षांची काजळी एका दिवसात जात नाही. तीन-चार दिवस गाडी नीट तापवून लांब चालवायला हवी, मग धूर मोजायचा. पास होईल असं मला वाटतं. शब्द देत नाही. तीही म्हणाली, देऊ नकोस.

२९ ला तपासणी. २८ ला मी धूर मोजून घेणार. हे पत्र पोचायला दोन दिवस तरी लागतील, आणि शुक्रवारी डायलिसिसच्या दोन्ही खेपांना मी आत्याबरोबर असेन. रविवारी बाबांना खाली आणायला कोणी मिळत नाही. म्हणजे एकच दिवस उरतो.

मी बाबांना आधी काही सांगणार नाही. सांगण्यासारखं जे आहे ते माझं नाही. त्यांची खुर्ची गाडीसमोर आणीन, बोनेट उघडीन आणि काम करीन. ते पाहतील. आत काही नाही हेही पाहतील. मग माझ्याकडे पाहतील आणि तेव्हा त्यांना उत्तर देणारं कोणीतरी तिथे असायला हवं. तुम्ही नसलात तर मी देईन, तुमच्या पत्रातल्या शब्दांत, वर-खाली न करता. तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्यांना बोलता येत नाही, तेव्हा दोघांना फार वेळ लागणार नाही.

भिवापूरची सकाळची एसटी साडेनऊपर्यंत पोचते. कंडक्टरला सांगितलं तर प्रताप नगरच्या जवळच्या चौकात उतरवतात.

शनिवारी, २४ जानेवारीला, सकाळी दहा वाजता मी झाकण उघडणार आहे.

नूपुर